बेगम झरीचंच पाणी पिते

संक्रांतीनंतरचा रविवार, साल १९५५. स्थळ: परभणी–जिंतूर रस्ता, झरी गावाच्या तोंडाशी. हजर: नाना पेशकार, उस्मान मिस्त्री, बेगम आणि मी. गैरहजर: बेगमच्या रेडिएटरमधलं पाणी.

बेगम म्हणजे नानांची मोटार. निजामाचं राज्य गेलं, जहागिऱ्या गेल्या, तेव्हा एका जहागीरदारांनी ती विकायला काढली. शहाणी माणसं त्या दिवसांत जमिनी घेत होती. तहसिलीत जन्मभर पेशकारी केलेल्या नानांनी निवृत्त होताना ही मोटार घेतली. तिच्याइतकी रुबाबदार मोटार जिल्ह्यात नव्हती आणि तिच्याइतकी तहानलेलीही नव्हती.

जिंतूरला मुलींच्या शाळेच्या इमारतीचं काम चाललं होतं. मी समितीचा सेक्रेटरी. दर रविवारी मला कामावर जावं लागे. नाना समितीचे सभासद. त्यांच्याकडे काम एकच, मला वेळेवर जिंतूरला पोचवणं, आणि ते त्यांनी एकदाही पार पाडलं नव्हतं. गवंडी जेवायला निघून गेला की आम्ही पोचायचो.

कारण बेगम तापायची. परभणीहून निघताना शांत. अर्ध्या वाटेत खोकायला लागे. झरी दिसायच्या आत झाकणातून वाफ सुटे, आणि रस्त्याकडेची शेरडं उधळत.

"नाना, ही विहीर बघा. मोट चालू आहे. इथंच पाणी घ्या."

"खारं हाय ते. बेगमला बाधंल."

"आणि ही पुढची?"

"ती गढूळ. सेक्रेटरीसाहेब, मिजाज हाय तिचा. मुलाहिजा ठेवावा लागतो. तिला झरीचंच पाणी मानवतं."

मी व्यवस्थित माणूस. दुसऱ्याच रविवारी पाण्याचा भरलेला डबा घेऊन आलो. नानांनी तो स्वतःच्या हाताने मोटारीत ठेवला. वाटेत पाहिलं तर डबा नव्हता. तो नानांच्या ओट्यावर राहिला होता. तिसऱ्या रविवारी तो तुळशीला घातला गेला. चौथ्या रविवारी मी डबा मांडीवर घेऊन बसलो, तर नाना म्हणाले, "परभणीचं पाणी? त्याला का चव हाय?"

झरीत बेगम थांबायची ती एकाच दारासमोर. ते घर नानांच्या लेकीचं, शांताचं. वाफेचा आवाज ऐकून ती घागर घेऊन बाहेर येई. पण पाणी लगेच घालायचं नसे. "गरम इंजनवर थंड पाणी घातलं की ते तडकतं," हा मोटारशास्त्रातला एकमेव नियम नाना पाळत, आणि तो मात्र अगदी धर्मासारखा. इंजन थंड होईपर्यंत बापलेक मोटारीला टेकून बोलत. खोकला गेला का, कोणती शेळी व्याली, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत. मी घड्याळ काढून त्यांना दिसेल असं धरत असे. कोणाला दिसत नसे.

"नाना, बसा की ओट्यावर."

"बसायला वेळ कुठंय, पोरी? सेक्रेटरीसाहेबांची कमिटी हाय!"

मला ताक मिळे. नानांना कोणी विचारत नसे, कारण लेकीला लेकरू होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही, असा त्यांच्यात रिवाज. शांताच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. लेकरू नव्हतं. म्हणजे झरीच्या ज्या पाण्याचं नाना परभणीभर गुणगान करत, त्याचा घोट त्यांनी कधी घेतलाच नव्हता. मी हे एकदा दाखवून दिलं. नाना म्हणाले, "बेगम पिते ना? तिच्या तोंडावरून कळतं."

शेवटी मी समितीत ठराव मांडला: बेगमची दुरुस्ती व्हावी. ठराव मंजूर झाला. नाना तटस्थ राहिले. म्हणून संक्रांतीनंतरच्या त्या रविवारी बसच्या कारखान्यातला उस्मान मिस्त्री आमच्याबरोबर होता. त्याने परभणीपासून झरीपर्यंत स्वतःचं कौतुक सांगितलं आणि बेगमला वाफ आली तेव्हा खाली वाकून दोन मिनिटांत निकाल दिला.

"नानासाब, इंजन एकदम चोख है. खाली पानी सोडने की तोटी है ना, वो घिस गई. निकले तब से टपकती. नई तोटी डालो, किस्सा खतम."

मला वाटलं, नाना खूश होतील. ते म्हणाले, "नवी कशाला? हीच जरा कापडानं बांधली तर?"

"बांधायचं काय, नाना? ठराव झालाय."

शनिवारी मिस्त्रीने नवी तोटी बसवली, सोड्याच्या पाण्याने रेडिएटर धुतला, पंख्याचा पट्टा आवळला. नाना शेजारी खुर्ची टाकून बसले होते. असा चेहरा मी फक्त दवाखान्याबाहेर पाहिला आहे.

पुढच्या रविवारी मिस्त्री आपलं काम तपासायला बरोबर आला. बेगम तापली नाही. नानांनी खूप प्रयत्न केला. चांगल्या रस्त्यावर दुसऱ्या गियरात चालवली. एका बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं आणि गाडीवानाने विचारलं, "ढकलू का, मालक?" तरी वाफ नाही. झरी आली. दारात शांता उभी होती, घागर आधीच भरून.

नानांनी मोटार थांबवली.

"आता कशाला?" मी म्हणालो.

"तहान लागली आसंल तिला."

त्यांनी झाकण उघडलं. आत पाणी काठोकाठ. शांताने वाकून पाहिलं, मग बापाकडे पाहिलं.

"तापली न्हाई व्हय, नाना?"

"लय तापलीय. तू वत."

ती ओतायला लागली. पहिल्याच धारेला पाणी वर आलं, बंपरवरून खाली, धुळीत. ती हळूहळू, बारीक धारेने ओतत राहिली. खोकला गेला का? गेला. काळी शेळी? व्याली, दोन करडं. मिस्त्री, जो कधी गप्प बसत नाही, तो एका चांगल्या टायरकडे बारकाईने पाहत होता. मी घड्याळ काढलं होतं, ते परत खिशात ठेवलं. घागर संपली तशी भेटही संपली.

झरी मागे पडल्यावर मी म्हणालो, "नाना, एवढा खटाटोप कशाला? सरळ उतरा, बसा, ताक प्या. कुठल्या जमान्यातला रिवाज?"

"आज ताक पिलो तर तिला काय वाटंल? बापानं आशा सोडली."

"मग पिऊ नका. नुसते भेटा."

"कामाबिगर बाप दर आईतवारी दारात? सासू म्हनंल, लेक नांदंना म्हणून राखण करायलाय का म्हातारा?" नानांनी गियर बदलला. "मोटार तापली, तर कोन काय म्हनणार?"

जिंतूरला आम्ही अगदी वेळेवर पोचलो. गवंडी कामावर होता. मला त्याला काय विचारायचं होतं, ते आठवेना. परत आल्यावर मिस्त्रीला बाजूला घेतलं.

"ती जुनी तोटी टाकून दिलीस का रे?"

"नै साब," तो म्हणाला आणि खिशात हात घातला.

शाळेवर छप्पर चढलं, दारं लागली, वर्गांत फळे लागले, पोरी शिकायला लागल्या. आता जिंतूरला माझं फारसं काम नसतं, तरी रविवारी आम्ही जातो. बेगम झरीच्या तोंडाशी वाफ सोडते, इंजन थंड होईपर्यंत थांबावं लागतं, आणि मी ताक पितो. माझ्या कामांच्या यादीत एकच गोष्ट राहिली आहे: बेगमला नवी तोटी बसवणे. मिस्त्री अधूनमधून विचारतो, "सेक्रेटरीसाब, कब?"

मी सांगतो, नाना झरीला ताक पितील त्या आठवड्यात.