वरच्या मजल्यावर सासूबाई

बस कारखान्यातल्या डिझायनरने दुमजली बसचा लाकडी नमुना उभा केला, तोही खऱ्या मापाचा. चाकं नव्हती, इंजिन नव्हतं, पण बाकं, खिडक्या, जिना सगळं जागच्या जागी होतं. जिन्याचा तर त्याला भारी अभिमान. सत्तरीची बाईसुद्धा सहज चढेल, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला होता. मोठे साहेब नमुना पाहायला येणार, त्या दिवशी तो बोलणं खरं करून दाखवायला घरचीच सत्तरीची बाई घेऊन आला. सासूबाई!

उठताबसता गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या सासूबाई खरोखरच वर गेल्या आणि पुढच्या खिडकीशी ऐसपैस बसल्या. जावयाने स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि त्यांना खाली बोलावलं. त्या जिन्याच्या तोंडाशी आल्या, खाली डोकावल्या आणि जागेवर परतल्या.

"जावईबापू, हा जिना नाही, विहीर आहे. मी काही उतरायची नाही."

पायऱ्या अरुंद होत्या. चढताना चवडे टेकले की भागायचं. उतरताना टाचेला जागाच नव्हती. जावयाने फक्त चढण्याचाच विचार केला होता.

तो त्यांची समजूत घालत होता, तेवढ्यात साहेब दोन अधिकाऱ्यांना घेऊन आले. वर कोण बसलंय, असं त्यांनी विचारलं. डिझायनर डगमगला नाही. प्रवासी आहेत, म्हणाला, बस इतकी आवडलीय की उतरायचं नाव घेत नाहीत. साहेब खूश होऊन पोटासकट वर चढले. मागोमाग अधिकारीही.

वर कौतुक झालं. मग साहेब उतरायला निघाले. पोटाआडून त्यांना पायऱ्याच दिसेनात. ते सावकाश मागे फिरले आणि सासूबाईंच्या शेजारी बसले. बैठक इथेच घेऊ, म्हणाले. अधिकाऱ्यांनीही खाली डोकावून माना डोलावल्या. चहा दोरीने वर गेला. सासूबाईंनी गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगितलं, साहेबांनी कंबरेचं.

शेवटी खिडकीची चौकट काढून, माल उचलायच्या फोर्कलिफ्टवर खुर्ची बांधून एकेकाला खाली आणलं. साहेब डोळे मिटून उतरले, सासूबाई आजूबाजूची गंमत बघत.

जमिनीला पाय लागल्यावर साहेबांनी घाम पुसला.

"बस मंजूर," ते म्हणाले. "फक्त वरचा मजला काढून टाका."

घरी बायकोने दारातच विचारलं, काय झालं? बस मंजूर झाली, असं तो छाती काढून म्हणाला. सासूबाईंनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, जावयाकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.