झेफर कोणाचा

हॉल्टकँप बंधूंनी वडिलांच्या घराची वाटणी एका सकाळीत उरकली, आणि तीही आवाज न चढवता. थोरला लायल बावन्न वर्षांचा, दातांचा डॉक्टर. धाकटा डेरिक एकोणपन्नासचा, शाळेत उपमुख्याध्यापक. वडील व्हर्नन जानेवारीत गेले, आई अर्लीन टेकडीवरच्या वृद्धाश्रमात राहायला गेली, आणि एप्रिलच्या पहिल्या शनिवारी दोघे भाऊ डब्यूक गावातलं ते जुनं घर रिकामं करायला जमले.

"बाबांची बोट तू ने."

"नको, तूच ने. माझ्याकडे ठेवायला जागा कुठाय?"

"मग गळ आणि काठ्या तुला."

"बरं. पण घड्याळ तू घ्यायचंस. बाबा तुलाच देणार होते."

लायलची बायको मार्सी दुपारचं सँडविच घेऊन आली, तेव्हा हे संभाषण ऐकून ती दारातच थबकली. वाटणीवरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले तिने पाहिले होते. इथे तर दोघे चांदीचे चमचे एकमेकांच्या गळ्यात मारत होते.

शेवटी राहिलं आईचं कपाट. वरच्या फळीवर, टोप्यांच्या मागे, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. डेरिकने तो काढला, लायलने झाकण उघडलं. आत जुन्या मोज्यात गुंडाळलेला, वीतभर उंचीचा, निळ्या पोशाखातला प्लॅस्टिकचा अंतराळवीर निघाला.

"माझा झेफर!" दोघे एकदमच ओरडले.

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुझा?" लायल म्हणाला. "अरे, माझे टॉन्सिल काढले तेव्हा आईने मला दिला होता कॅप्टन झेफर."

"काहीतरीच काय! बाबा टेक्सासला होते, तेव्हा त्यांनी मला पोस्टाने पाठवला होता."

"पाच वर्षांचा होतास तू. तुला काय आठवतंय?"

"आणि तू आठ वर्षांचा असून विसरलास!"

मार्सीने मध्ये डोकावून पाहिलं. "एवढं भांडण या बाहुलीवरून?"

"बाहुली नाहीये ती!" या मुद्द्यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

मार्सीने फोनवर शोधून सांगितलं, की असले झेफर जुन्या बाजारात ढिगाने मिळतात आणि कुणी फारसं विचारत नाही. तिला वाटलं, आता वाद मिटेल. उलट दोघांना राग आला. "असले" म्हणजे काय? हा काय कुठलाही झेफर होता? याच्या डाव्या बुटावर त्यांच्या कुत्र्याचे दात उमटलेले होते. अखेर लायलने थोरलेपणाचा हक्क बजावत झेफरला कोटाच्या खिशात टाकलं. "माझ्याकडे सुरक्षित राहील," असं म्हणून तो गेला. डेरिकने बोट, गळ, काठ्या सगळं तिथेच सोडलं आणि तोही गेला.

त्यानंतर डेरिकने चार दिवसांत सात फोन केले. लायलने एकही उचलला नाही. तेव्हा डेरिकने पाचव्या दिवशी दवाखान्यात फोन करून रीतसर वेळ घेतली. कारण सांगितलं: दाढ दुखते.

गुरुवारी लायल तोंडावर मास्क चढवून आत आला, तर खुर्चीत भाऊ आडवा. खिडकीत, रबराच्या हातमोज्यांच्या खोक्याशेजारी, कॅप्टन झेफर उभा होता.

"कुठली दाढ?"

"दाढ गेली खड्ड्यात. तू तो परत कर."

"तोंड उघड," लायल म्हणाला. त्याची मदतनीस डार्ला शेजारी उभी होती, म्हणून डेरिकला तोंड उघडावंच लागलं. लायलने लगेच लाळ ओढणारी नळी त्यात अडकवली. चार दिवस जे बोलायचं टाळलं, ते बोलायची अशी संधी त्याला पुन्हा मिळणार नव्हती.

"ऐक आता. तुला वाटतं मी हट्टीपणा करतोय. मी दिवसभर लोकांच्या तोंडात पाहतो, डेरिक. तीस जणांच्या. त्यातला एकही मला बघून खूश होत नाही. घरी जातो, तर मुली कॉलेजला गेलेल्या. परवा याला इथे ठेवला, आणि पहिल्यांदा वाटलं, या खोलीत माझ्या बाजूचं कुणीतरी आहे. टॉन्सिलच्या वेळी शुद्धीवर आलो तेव्हा घसा नुसता पेटला होता, बोलता येत नव्हतं, आणि हातात हा होता. मी याच्या पाठीवरचं बटण दाबलं, याचा वर केलेला हात खाट्कन खाली आला. बस. तेवढ्यावर मी रडायचा थांबलो. बावन्न वर्षांत मला इतक्या लवकर कुणी गप्प केलेलं नाही."

"आआ ऊं," डेरिक म्हणाला.

"आता चूळ भर."

डेरिकने नळी काढून फेकली, चूळ भरली आणि उठून बसला. "झालं तुझं? आता माझं ऐक. कारखान्यातून बाबांना घरी बसवलं, ते टेक्सासला कामाला गेले. सात महिने. तुला मित्र होते, तू बाहेर असायचास. मी रात्री याला उशीखाली घेऊन झोपायचो. याला सगळं सांगायचो. बाबा रविवारी नाणी टाकायच्या फोनवरून फोन करायचे, तेव्हा बोलणं तू आणि आई करायचात. माझी पाळी आली की नाणी संपलेली असायची. पण मला चालायचं. कारण बाबांनी मला झेफर पाठवला होता. तुला नाही, आईला नाही, मला. बाबा आयुष्यात माझ्याशी फार बोलले नाहीत, लायल. शेवटच्या दिवसांतही त्यांनी हवामानच विचारलं. पण त्यांनी हा पाठवला होता, हे मला माहीत होतं."

लायल खाली वाकून फेकलेली नळी उचलू लागला. मास्क असल्यामुळे त्याचा चेहराही दिसत नव्हता. डेरिकने तीच संधी साधून खिडकीकडे झेप घेतली. लायलने झेफरला दुसऱ्या बाजूने पकडलं. गळ्यात निळा रुमाल बांधलेला उपमुख्याध्यापक आणि हातमोजे घातलेला दंतवैद्य, दोघे खिडकीपाशी ओढाताण करू लागले. कट्कन आवाज झाला. झेफर डेरिकच्या हातात राहिला आणि झेफरचा उजवा हात लायलच्या.

"डॉक्टर," डार्ला थंडपणे म्हणाली, "पुढच्या पेशंटला आत पाठवू, की आधी पोलिसांना बोलावू?"

दोघेही ओशाळले. लायलने तुटलेला हात दाढेत भरायच्या सिमेंटने बसवला, निळा दिवा धरून वाळवला, पॉलिशही केलं. काम नामी झालं. फक्त हात वरच्या वर अडकला तो अडकलाच. बटण दाबलं तरी खाली येईना. वर्गात उत्तर माहीत असलेल्या मुलाने हात वर करावा, तसा झेफर दिसू लागला.

संध्याकाळी मार्सीला हे सगळं कळलं. तिने डेरिकला फोन लावला, लायलला समोर बसवलं आणि दोघांना एकच वाक्य सुनावलं: "तो दिला कुणी हे आईंना माहीत असणार ना? मग जाऊन त्यांना विचारा, आणि माझं डोकं खाऊ नका!"

रविवारी दुपारी दोघे वृद्धाश्रमात गेले. अर्लीन पत्ते खेळत होती. मुलांनी झेफर टेबलावर ठेवताच तिने हातातले पत्ते पालथे ठेवले आणि बाकीच्या बायकांना म्हणाली, "जरा येते गं. माझ्या पत्त्यांना हात लावू नका, मला पाठ आहेत." मग ती खिडकीपाशी येऊन बसली.

"आई, सांग याला," लायल म्हणाला. "टॉन्सिल काढले तेव्हा तू मला..."

"टॉन्सिल काढले तेव्हा मी तुला आइस्क्रीम दिलं."

डेरिक विजयी मुद्रेने पुढे सरसावला. "आणि बाबांनी टेक्सासहून..."

"तुझ्या बाबांनी टेक्सासहून सात महिन्यांत एक पत्र पाठवलं. तेही मला. त्यात छत गळत असेल तर काय करायचं ते लिहिलं होतं." अर्लीनने झेफर उचलला, त्याच्या चावलेल्या बुटावरून अंगठा फिरवला. "हा तुमच्या दोघांचाही नाही. हा व्होसबर्गांच्या ड्वेनचा."

ड्वेन व्होसबर्ग म्हणजे तेव्हाचा शेजारचा मुलगा. आता गावाबाहेर त्याचं टायरचं दुकान आहे, दोघे भाऊ गाडीचे टायर त्याच्याकडूनच घेतात.

"ड्वेनची आई माझ्या दारात येऊन विचारून गेली होती," अर्लीन सांगू लागली. "मी तिला ठणकावून सांगितलं, माझी मुलं असली नाहीत. चांगलंच वाजलं आमचं त्यावरून. दोन आठवड्यांनी तुमच्या खोलीतले पलंगपोस बदलत होते, तर हा उशीखाली. मी तसाच परत द्यायला निघाले होते. कोट घातला होता अंगात. आणि तू मागून आलास, डेरिक. म्हणालास, 'आई, तो दे, तो बाबांनी पाठवलाय.'"

डेरिक खिडकीबाहेर पाहत राहिला.

"मग मी काय सांगायचं होतं पाच वर्षांच्या पोराला? नाही पाठवला? मी म्हटलं, हो. बाबांनीच पाठवला. आणि कोट काढून ठेवला."

"म्हणून तू तो बाहेर नेऊ द्यायची नाहीस," लायल हळूच म्हणाला.

"बाहेर नेला असतास तर ड्वेनने ओळखला नसता? पुढे तू तो शाळेत न्यायला निघालास, तेव्हा लपवला कपाटात. दर उन्हाळ्यात ठरवायचे, आता देऊन टाकू. मग ती माणसं पलीकडच्या भागात राहायला गेली." अर्लीन उठली. "आता मला खेळू द्या. त्या बायका पत्ते बघतात."

गाडीत बसल्यावर लायलने चावी लावली, पण फिरवली नाही.

"विचित्र आहे," डेरिक म्हणाला. "खोटं आहे हे कळलं, तरी बाबांनी पाठवल्यासारखंच वाटतंय अजून."

"आईने तर पाठवलाच ना," लायल म्हणाला. "कोट काढला म्हणजे काय मग?"

डेरिकने नाक पुसलं. "उद्या ड्वेनला नेऊन द्यायचा."

"चव्वेचाळीस वर्षांनी? अरे, तो विसरलाही असेल."

"मी रोज पोरांना माझ्यासमोर उभं करून सांगतो, ज्याचं त्याला परत दे. उद्या कुठल्या तोंडाने सांगू?"

सोमवारी दुपारी ड्वेन व्होसबर्ग एका ट्रकखालून सरपटत बाहेर आला, तेव्हा समोर दोन पांढरपेशे भाऊ झेफर घेऊन उभे होते. ड्वेनने कपड्याला हात पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले, मग कोपऱ्यातल्या नळावर साबण लावून धुऊन आला. झेफर हातात घेऊन त्याने बटण दाबलं.

"हात खाली येत नाही," लायल घाईघाईने म्हणाला. "पण जोड पक्का आहे. माझं काम आहे."

ड्वेन ऐकत नव्हता. एवढा धिप्पाड माणूस, पण लहान मुलासारखा बटण दाबतच राहिला. "माझ्या बहिणीने हा नदीत फेकला," तो म्हणाला. "ग्वेनने. मी सगळ्यांना तसं सांगितलं. ती तीन दिवस नाही म्हणाली. मग जत्रेला जायचा दिवस आला, आणि बाबा म्हणाले, कबूल केल्याशिवाय घरातून पाय बाहेर टाकायचा नाही. तेव्हा म्हणाली, हो, फेकला. भरपाई म्हणून तिची नवीकोरी सायकल मला मिळाली." त्याने मान खाली घातली. "चार वर्षं चालवली मी ती सायकल. दर ख्रिसमसला अजून तिला टोमणा मारतो. गेले दोन ख्रिसमस ती आलीच नाही."

दोघा भावांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

ड्वेनने खिशातून फोन काढला. पलीकडे ग्वेनने उचलला. "ग्वेन, मी बोलतोय. नाही, सगळे बरे आहेत. ग्वेन, झेफर सापडला. नाही, नदीत नाही. हॉल्टकँपांच्या घरात." ग्वेन काहीतरी भरभर विचारू लागली. मग ड्वेन नुसता "हो" म्हणाला, पुन्हा "हो" म्हणाला, आणि मग अगदी बारीक आवाजात "चुकलं माझं" म्हणाला. ट्रकवाला गिऱ्हाईक घड्याळ बघत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग ड्वेनने फोनवर तळहात ठेवला आणि भावांकडे वळला.

"ती विचारतेय, तुमच्यातल्या कोणी उचलला होता?"

नऊ दिवस "माझा, माझा" म्हणून एकमेकांच्या उरावर बसलेले लायल आणि डेरिक क्षणाचाही विलंब न लावता एका सुरात म्हणाले, "याने!"

दोन बोटं एकमेकांच्या छातीकडे रोखलेली होती. ड्वेन आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला आणि मग फोन कानाला लावला.

"ग्वेन," तो म्हणाला, "ते एकमेकांकडे बोट दाखवतायत."

मग चोपन्न वर्षांची ती बाई हसायला लागली. इतक्या मोठ्याने, की ट्रकपाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही ते ऐकू गेलं.