डेक्लन अँड डिगर

लाटकरकाकांच्या कोटाच्या आतल्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असते. आयर्लंडमधल्या आमच्या मलिंगार गावात दुकानाच्या काचेवर, पेट्रोल पंपावर, चर्चबाहेरच्या फळ्यावर, कुठेही गाण्याच्या कार्यक्रमाचं पोस्टर दिसलं की काका थांबतात, पट्टी काढतात आणि नावांच्या अक्षरांची उंची मोजतात. डॉक्टर ताप बघतो तितक्या शांतपणे. मग पट्टी रुमालाने पुसून खिशात ठेवतात आणि म्हणतात, "समसमान न्हाई."

एकदा पंपावरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कौन्सिलचे का?"

"नाही," काका म्हणाले, "मी पीडित आहे."

काका म्हणजे दिगंबर लाटकर, मूळचे कोल्हापूरचे, आमच्या भिंतीला भिंत. मी पुण्याचा, घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करणारा, त्यामुळे काकांना दिवसभर ऐकायला हक्काचा माणूस मीच. घाव बसल्यापासून माणूस विचित्र झाला, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. पण सुनंदाकाकू तसं म्हणू देत नाहीत. "पहिल्यापासून असेच," त्या म्हणतात. "लग्नात माझ्या पानात एक जिलबी जास्त पडली म्हणून आचाऱ्याला पंगतीत बोलावून घेतलं होतं."

काकू इथल्या हॉस्पिटलात नर्स. काका त्यांच्यामागून 'डिपेंडंट' म्हणून आले. या शब्दाचा त्यांना अजून राग आहे. कोल्हापुरात ते ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवरून लोखंडी कांडी फिरवतात, मग ती माणसासारखी कण्हते. इथे आल्यावर ते बॉयलरशेजारच्या खोलीत एकटेच वाजवत बसायचे. एक दिवस बॉयलर बिघडला आणि डेक्लन नावाचा प्लंबर आला.

डेक्लन बॉयलर उघडा टाकून जिन्यात बसला. "हे काय आहे?"

"हवाईयन गिटार."

"नाही. ही कंट्री म्युझिकची स्टील गिटार आहे. फक्त तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नाही."

आणि बसल्या जागी गायला लागला. काकू ड्यूटीवरून आल्या तेव्हा घरात पाणी बर्फासारखं आणि हे दोघे घामाघूम.

आयर्लंडच्या गावाकडे कंट्री म्युझिकचं फार वेड आहे. ट्रॅक्टर, आई आणि सोडून गेलेली मुलगी, एवढ्या तीन विषयांवर ही गाणी चालतात, आणि शनिवारी हॉटेलच्या हॉलमध्ये साठीची जोडपी त्यावर घाम निघेपर्यंत नाचतात. काळी काउबॉय टोपी घालून गाणाऱ्या डेक्लनचा आवाज चांगला होता, पण असे आवाज इथे प्रत्येक गावात दोन-दोन असतात. त्यात काकांची गिटार मिसळली की मात्र लोक ग्लास खाली ठेवायचे.

'दिगंबर' काही डेक्लनच्या तोंडात बसेना. त्याने 'डिगर' करून टाकलं. इथे डिगर म्हणजे माती उपसायचं मशीन. "कोल्हापुरात कळलं तर जेसीबी म्हणतील," काकूंनी बजावलं. काकांना नाव आवडलं. पहिलं पोस्टर डेक्लनने स्वतः रंगवलं: डेक्लन अँड डिगर. दोन्ही नावं चार-चार इंच. "फिफ्टी-फिफ्टी, डिगर," तो म्हणाला. काकांनी त्याचं लगेच मराठी केलं, 'समसमान', आणि ते त्यांच्या जिभेवर कायमचं बसलं.

सुरुवात पबच्या कोपऱ्यात, डार्टच्या फळ्याखाली. मग नावन गावचा हॉल, मग हॉटेलं, मग लोकल रेडिओ. कार्यक्रमाला निघायच्या आधी दोघे डेक्लनच्या आईकडे, नोराकडे जेवायचे. काका शाकाहारी. हे नोराला कळायला वर्ष गेलं. "मांस नाही रे घातलं," ती म्हणायची, "नुसतं थोडं हॅम आहे." पुढे शिकली, आणि काकांसाठी वेगळ्या भांड्यात बटाटे उकडायला लागली. तिच्या दारातला दिवा दोघे परत येईपर्यंत जळत राहायचा. त्या दिव्यावर त्यांनी गाणं केलं. शब्द डेक्लनचे, चाल काकांची. ते गाणं इतकं चाललं की एका हिवाळ्यात टॅक्सीत, बेकरीत, दाताच्या डॉक्टरकडे, सगळीकडे तेच.

मग क्लोनडॉकिनहून एक मॅनेजर आला आणि अक्षरं बदलायला लागली.

आधी डेक्लन पाच इंच, डिगर चार. काकांनी पट्टी तेव्हा विकत घेतली. "छापणाऱ्याची चूक असेल, डिगर," डेक्लन म्हणाला. "ग्रँड," काका म्हणाले, म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे, चालेल'. पुढच्या पोस्टरवर 'अँड' जाऊन 'विथ' आलं, डिगर अडीच इंच. "जागा पुरली नसेल." "ग्रँड." मग दीड इंच, ब्रॅकेटमध्ये. काका म्हणतात, "माणूस बारीक होत गेला तर डॉक्टरकडं नेतात. मला कुणी न्हेलं न्हाई."

शेवटी टीव्हीवरचा कार्यक्रम ठरला. आदल्या दिवशी मॅनेजरने काकांना बाजूला घेतलं आणि फार गोड बोलला. वादन अप्रतिम आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण घरी बसून बघणाऱ्याला गाण्याशी जुळणारं चित्र लागतं. शेत, दगडी भिंत, गावचा मुलगा. "तुमचा चेहरा त्या चित्रात नीट बसत नाही, एवढंच."

"आणि डेक्लन?" मी एकदा विचारलं होतं.

"शेजारीच हुता. बुटाकडं बघत हुता. बूट नवे हुते."

काकांनी गिटार पेटीत घातली आणि बसने घरी आले. गाणं टीव्हीवर झालं, दुसऱ्याच कुणाच्या गिटारवर. डेक्लन मोठा झाला, त्याच्या नावाचे तंबू लागायला लागले. त्याने दोनदा फोन केला, तो काकांनी घेतला नाही. तिसऱ्यांदा त्याने केला नाही, आणि याच गोष्टीवर काका मला वाटतं जास्त चिडले. तेव्हापासून ते त्याचं नाव घेत नाहीत. 'युवर मॅन' म्हणतात. इथल्या बोलीत याचा अर्थ तुमचा माणूस असा नाही, नुसता 'तो इसम'. पण काकांच्या तोंडून ऐकताना दोन्ही अर्थ ऐकू येतात.

त्यानंतर गिटारची पेटी उघडली नाही. गणपतीला मंडळाच्या लोकांनी गळ घातली, तर म्हणाले, "मी माती उपसायचं मशीन. आरतीत माझं काय काम?" लोक दुखावले. पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही, तर विचारलं नाही म्हणून काका दुखावले. कटुतेचा हा कारखाना त्यांनी तीन वर्षं एकहाती चालवला. मीही कंटाळलो होतो. माणसाने किती दिवस दीड इंच कुरवाळायचं?

दर रविवारी काका एकटेच गाडी घेऊन कुठेतरी जायचे. मागच्या महिन्यात ती गाडी तपासणीत नापास झाली. रविवारी दुपारी ते माझ्या दारात उभे, हातात प्लास्टिकची पिशवी.

"निखिल, नावनच्या अलीकडं एक काम हाय. सोडतोस का?"

वृद्धाश्रम होता. मी गाडी लावली, तशी काकांनी पिशवीतून काळी काउबॉय टोपी काढून माझ्यापुढे धरली. "ही घाल. उतरू नकोस. वर डावीकडच्या खिडकीत बाई दिसली की हात हलव."

"कोण बाई?"

"हलव की मर्दा. इचारतोस काय?"

अर्ध्या तासाने खिडकीत एक लहानशी म्हातारी दिसली, मागे काका. तिने हात हलवला. मी हलवला. ती थांबेना, मग मलाही थांबता येईना. शेवटी तिने तळवा काचेवर टेकवला आणि तशीच उभी राहिली.

परत निघताना मी टोपी काढून काकांच्या हातात दिली. मग विचारलं, "नोरा?"

"व्हय. नजर गेलीय. टोपी तेवढी कळते तिला."

"तुम्ही काय सांगता तिला?"

"काल कॅव्हनला वाजवलं म्हणतो. हॉल भरलेला. युवर मॅनला सर्दी झालीय, तुला लागंल म्हणून वर येत न्हाई."

"दर रविवारी सर्दी?"

"इसरते ती. बरंच हाय."

"आणि तो खरंच येत नाही?"

"नाताळला आलता. फोटो काढून गेला."

रस्त्यावर एक ट्रॅक्टर आडवा आला. मी गाडी हळू केली. "एवढे दिवस गाडीत कोण बसायचं?"

"कोण न्हाई. टोपी सीटवर अडकवायचो. आज लई खूश हुती. म्हणाली, आज हात हलवला त्यानं." काकांनी टोपीवरचा एक केस उचलून फेकला. "मग हात धरला माझा. म्हणाली, डिगर, पोरगा मनानं कच्चा हाय. त्याला सोडून जाऊ नकोस."

"मग?"

काकांनी टोपी पिशवीत घातली.

"मग काय. न्हाई जात म्हटलं."