समजलं म्हणा

नवा नियम आला तेव्हा साऱ्या ब्रोकरांच्या तोंडचं पाणी पळालं, विमाकाका मात्र खुशीत होते. "अटीच वाचायच्या ना? आवाज तर देवाने दिलाय," असं घरभर सांगत फिरले.

नियम असा : सगळ्या अटी ग्राहकाला मोठ्याने वाचून दाखवायच्या, दर पानाला त्याने "समजलं" म्हणायचं आणि त्याचं रेकॉर्डिंग तपासणीला पाठवायचं. चुकलं तर पॉलिसी बाद आणि ब्रोकरच्या परवान्यावर गदा.

पहिल्याच ग्राहक निवृत्त मुख्याध्यापिका. बाईंच्या घराचा विमा त्याच संध्याकाळी संपत होता. काका भरपेट जेवून गेले. मोबाइल धरायला सोबत काकू.

"करा सुरू," बाई आरामखुर्चीत रेलल्या. "भरभर वाचू नका."

काका वाचू लागले. आवाज सायीसारखा मऊ. पण एकेक वाक्य घरातून निघायचं, गावाला वळसा घालायचं आणि धापा टाकत पूर्णविरामाशी यायचं. खिडकीत ऊन पेंगत होतं. वाळवीच्या अटीपाशी बाईंचे डोळे मिटले. गळक्या छपरापाशी काकूंची मान कलली.

"बाई, समजलं?"

"हं."

"हं चालत नाही. समजलं म्हणा."

पुढचं काकांना फार सुंदर आठवतं. अटींची पानं बगळ्यांसारखी एकेक करून खिडकीबाहेर उडाली. बाई त्यांच्यामागून हवेत चालत गेल्या आणि प्रत्येक बगळ्याला मायेने म्हणाल्या, "समजलं, हो, समजलं." इतका समजूतदार ग्राहक काकांनी जन्मात पाहिला नव्हता.

जाग आली तर उन्हं उतरलेली. "छान झालं," म्हणत काकांनी रेकॉर्डिंग न बघताच पाठवून दिलं.

थोड्याच वेळात फोन. काकांनी तो स्पीकरवर टाकला. "तपासणी अधिकारी बोलतेय. तुमच्या व्हिडिओत नुसता पंखा दिसतोय. आणि तिघांचं घोरणं ऐकू येतंय."

"मी घोरत नाही," काकू म्हणाल्या.

"समजलं, समजलं असा आवाज येतो मधूनमधून. पण तो तुमचाच आहे, काका. झोपेतला."

काकांच्या डोळ्यांसमोरून परवाना बगळा होऊन उडाला. त्यांच्या हातातला फोन बाईंनी ओढून घेतला.

"अहो मॅडम, विमा घ्यायचा कशासाठी? निवांत झोप लागावी म्हणून. यांनी ती पैसे भरायच्या आधीच लावून दिली, तो काय गुन्हा झाला? तुमचा फोन रेकॉर्ड होतो ना? मग वाचा तुम्ही. मी उभी राहून ऐकते."

अधिकारीबाईंनी वाचलं. बाई भिंतीशी ताठ उभ्या राहून दर पानाला वर्ग दणाणेल असं "समजलं" म्हणत गेल्या.

"बाईंची पॉलिसी मंजूर," शेवटी पलीकडून आवाज आला. "काका, परवानाही राहील. तुम्ही ऐकलंत ना सगळं? काका?"

काकूंनी कोपराने ढोसलं. "अं? कोण आलंय?" काका म्हणाले.

अधिकारीबाईंनी लगेच फर्मान काढलं.

"उद्या आमच्याकडे प्रशिक्षणाला या. अटी अख्ख्या ऐकाव्या लागतील, जागेपणी."

"येतो ना. किती वाजता?"

"दुपारी. जेवण आमच्याकडेच."