कुलुनला लावलेलं वळण

"अगं, नारीनमधल्या निम्म्या घोड्यांना मी वळण लावलंय. हा तर वीतभर बोका!" जुमगालने बायकोपुढे छाती ठोकली.

बातमाने लेकीच्या रुखवतातली मखमली दुलई उलगडून दाखवली. कुलुन बोक्याच्या नखांनी तिच्या चिंध्या केल्या होत्या आणि कोपरा चावून चावून पार चोथा केला होता.

"जुम्म्याला व्याही येतायत, पोरीच्या कानात सोयरिकीचे डूल घालायला! तोवर हा सुधारला नाही, तर तो आणि तुम्ही दोघंही तबेल्यात झोपायचं!"

जुमगालने खांब रोवला, त्याला पांढरा जाड लोकरी नमदा गुंडाळला. बोक्याने नमद्यावर नखं चालवली की घोड्याच्या मांसाची एक चकती बक्षीस! बोका पक्का हिशेबी निघाला. दुलयांकडे ढुंकून बघेना. खांब ओरबाडायचा आणि जुमगालकडे वळून पगार मागायचा.

"बघितलंस?" जुमगाल मिशीला पीळ देत फिरू लागला.

जुम्मा उजाडला. व्याही सादिरकुल मानाच्या जागी बसले, शेजारी विहीणबाई. डोक्यावर उंच, पांढराशुभ्र, नमद्याची मानाची टोपी, कल्पाक! जुमगालने कल्पाकाकडे पाहिलं, मग कपाटावरच्या कुलुनकडे पाहिलं. कुलुनही कल्पाकाकडेच पाहत होता. जुमगाल घाईने पुढे सरकला.

"व्याही, जरा इकडं सरकता का?"

"का? मानाची जागा जड झाली का तुम्हाला?"

तेवढ्यात धप्प! बोका कल्पाकावर.

"ओढू नका!" विहीणबाई किंचाळल्या. त्यांनी मुठीतले डूल मागे घेतले. "कल्पाक जमिनीला लागला तर हे लग्न होणे नाही!"

कल्पाक म्हणजे घराण्याची अब्रू, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. सादिरकुल मान ताठ धरून बसले, पापणीसुद्धा हलवेनात. वर खर्र खर्र चाललं होतं. दारात नवरी आयजारकिन डोळ्यांत पाणी आणून उभी होती. लेकीचं जमलेलं लग्न चार पंजांवर लटकलं होतं.

कुलुन थांबला. जुमगालकडे वळून म्हणाला, "म्याँव!"

"हा तुमच्याकडं काय मागतोय?" सादिरकुलांनी ओठ न हलवता विचारलं.

आता लपवून उपयोग नव्हता. जुमगालने ताटातली चकती उचलून पुढे धरली. बोका अलगद उतरला, पगार घेऊन कपाटावर गेला. जुमगालने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

सादिरकुलांनी दोन्ही हातांनी कल्पाक उतरवला, त्याची लोंबती लोकर बघितली.

"आठवड्यात शिकवलं? बोक्याला?"

"हो, व्याही. चूक झाली."

"आमच्या दिवट्याला वीस वर्षं झाली, जोडे दाराबाहेर काढायला शिकवतोय मी! अगं, बघतेस काय? घाल डूल! या घरची पोरगी आपल्याला पाहिजेच!"

आयजारकिनच्या कानात डूल चढले. बातमाने डोळे पुसले. जुमगालची छाती पुन्हा फुगली. रिवाजाप्रमाणे बातमाने पेटीतून व्याह्यांसाठी आणलेला कोरा पांढरा कल्पाक काढून त्यांच्या हाती दिला.

सादिरकुलांनी वर बघितलं. कपाटावर कुलुन जिभल्या चाटत होता.

"राहू द्या," ते नवा कल्पाक छातीशी घट्ट धरत म्हणाले, "हा मी गाडीत बसल्यावर घालतो."