पापणी न लवणारे सासरे

चांदीचा धागा घरीच तपासून बघायचा, असं इंजिनिअरने ठरवलं ते काही हौसेपोटी नव्हे. ऑफिसात त्याची लाज जायची वेळ आली होती. डोळ्याच्या पडद्यावर उजेड पडला की तिथे इवलीशी वीज उठते. ती टिपायला त्याने हा धागा बनवला होता. केसापेक्षा बारीक, खालच्या पापणीच्या कडेला ठेवला की पेशंटला पत्ताही लागत नाही (असं निदान तो सगळ्यांना सांगत फिरत होता). पण कॉम्प्युटरवर आजवर एक लाट धड उमटली असेल तर शपथ. सोमवारपर्यंत ती मिळाली नाही, तर हे काम शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे जाणार, असं साहेबांनी बजावलं होतं. बाई आत्तापासूनच गोड हसायला लागल्या होत्या.

अडचण पापणीची होती. ती लवली की धागा हलतो आणि लाटेचा पार विचका होतो. बायकोने दोन मिनिटं कळ काढली, मग तिला हसू फुटलं, हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि धागा गालावर. स्वतःवर प्रयोग करावा तर फ्लॅश उडायच्या आधीच त्याचे डोळे गच्च मिटत (स्वतःच्याच यंत्राची एवढी धास्ती!).

रविवारी दुपारी सासरे आले आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सासरे म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. जावयाकडे एकदा बघायला लागले की त्यांची पापणी म्हणून लवत नसे. जावयाला त्याने आजवर नुसता घामच फुटला होता.

विज्ञानाचं काम म्हटल्यावर सासरे लगेच तयार झाले. डोळा आधी अंधाराला सरावावा लागतो, म्हणून सामानाच्या खोलीत त्यांना खुर्ची दिली. स्टुलावर मिठाच्या पाण्याचा ग्लास होता. त्यात भिजवून धागा डोळ्यात ठेवला, दुसरी वायर कपाळावर चिकटवली, समोर फ्लॅशचा दिवा लावून ठेवला. हलायचं नाही, बोलायचं नाही आणि मुख्य म्हणजे दात आवळायचे नाहीत, लाटेत जबड्याची खरखर येते, असं चारचारदा सांगून तो दिवा मालवून बाहेर लॅपटॉपपाशी बसला.

बऱ्याच वेळाने त्याने बटण दाबलं. आत फ्लॅश उडाला आणि लाट आली! पुन्हा दाबलं, पुन्हा लाट. मध्ये कशी सरळसोट रेघ, थरथर नाही की काही नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला सासऱ्यांबद्दल मनापासून माया वाटली. त्याने तडक साहेबांना फोन लावला. साहेब इतके खूश झाले, की उद्या मोठे डॉक्टर बघायला येणार आहेत, त्यांच्यासमोर हाच पेशंट बसव, म्हणाले.

बायकोला ओढत नेऊन त्याने खोलीचं दार उघडलं, दिवा लावला. सासरे दोन्ही डोळे मिटून शांत घोरत होते. दोन्ही वायरी ग्लासात होत्या, आणि त्यांच्या मधोमध सासऱ्यांची कवळी.

"दात आवळू नका म्हणालात, मी काढूनच ठेवले," जागे होत सासरे बोळक्या तोंडाने म्हणाले. "ती दोरी खुपायला लागली. अंधारात जागा कुठे शोधत बसणार, कपाळावरच्या वायरीसकट टाकली ग्लासात."

चांदीवर उजेड पडला की तिच्यातच थोडी वीज उठते, डोळा असो वा नसो, हे इंजिनिअरला ठाऊक होतं. आनंदाच्या भरात ते साफ विसरला होता. साहेबांचा निरोप त्याने कसाबसा सांगितला. बायको तोंड दाबून बाहेर पळाली.

सासऱ्यांनी कवळी झटकली, तोंडात बसवली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मग उद्या मी यायचंय, जावईबापू, की नुसती कवळी पाठवली तरी भागेल?"