मले विचारलं का कोणी?

इंटरवल झाला आणि दिवे लागले, की समोशाचा पहिला घास घ्यायच्या आधी मेश्रामताई पिक्चरचा शेवट जाहीर करायच्या. तेही मागच्या रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"हा चष्मेवाला मुनीम आहे ना, हाच खुनी. पोट्टी डॉक्टरशी लग्न करते. अन् आई बरी होते. लिहून घे."

बहुतेक वेळा तसंच व्हायचं. मग ताई खुर्चीत मागे रेलून माझ्याकडे अशा बघायच्या, की जणू पिक्चर त्यांनीच काढलाय. पण त्या दिवशी मुनीम निर्दोष निघाला आणि खून डॉक्टरनं केला होता. ताई ताडकन उभ्या राहिल्या.

"असं कसं? मले विचारलं का कोणी?"

मागून आवाज आला, "दीदी, बैठ जाओ!"

"कायले बसू? त्यानं त्या पोट्टीचा ताप उतरवला, रातभर उशाशी बसला, अन् आता म्हणते मीच मारलं!"

डॉक्टरला बेड्या पडेपर्यंत त्या उभ्याच होत्या.

ताईंची आणि माझी गाठ पडली ती कर्मचाऱ्यांच्या बसमध्ये. मंत्रालय नव्या रायपुरात गेलं, आणि आम्ही सगळे रोज त्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवरून जाऊ-येऊ लागलो. मी लग्न होऊन नागपूरहून नुकतीच आले होते. फोनवर आईशी मराठीत बोलत होते, तर पुढच्या सीटवरून एक चेहरा वळला. "अवं, तू आपली आहेस का? पिक्चर पाहतं का?" मी हो म्हणायच्या आधीच त्यांनी रविवारचं ठरवून टाकलं. माझ्या नवऱ्याला अंधारात बसलं की झोप येते, त्यामुळे त्याचीही सुटका झाली.

रविवारी पिक्चर आणि सोमवारी बसमध्ये त्याची गोष्ट, असा ताईंचा नेम होता. त्या गोष्ट हिंदीत सांगायच्या, पण राग आला की मराठीत यायच्या. ड्रायव्हर यादव आरसा त्यांच्याकडे वळवून ऐकायचा. अडचण एवढीच होती, की पिक्चरनं दगा दिला असेल, तर ताई शेवट दुरुस्त करून सांगायच्या. हे मला पहिल्याच सोमवारी कळलं, पण सगळ्या बसनं डोळे पुसलेले बघून मी गप्प बसले.

आमच्या बसमधले साहूजी मात्र फसले. ताईंच्या भरवशावर ते बायकोला घेऊन पिक्चरला गेले आणि दुसऱ्या दिवशी तणतणत बसमध्ये चढले. "दीदी, आप तो बोली थीं शादी होती है! वहाँ तो हीरोइन मर गई! मेरी मिसेस ने खाना नहीं खाया!"

"कब मरी?"

"एकदम आखिर में!"

"तो आखिर तक बैठे काहे को?"

ताई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "उगाच मारली होती तिले. मी जिती केली. काय बिघडलं?"

एकदा आम्ही भुताच्या पिक्चरला गेलो. ताई तयारीनिशी आल्या होत्या. पर्समध्ये लिंबू, हातात माझं मनगट. पण त्यातली भुतीण निघाली एक गरीब बाई, आपलं हरवलेलं लेकरू शोधत घरोघर फिरणारी. हिरोनं मांत्रिक आणला, तशा ताई माझं मनगट सोडून ओरडल्या, "अरे, धुपाटणं कायले फिरवून राहिला? तिले एक डाव विचार ना, काय पाहिजे बाई तुले!"

मागच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ताईंना त्या ऐकूच गेल्या नाहीत. त्या पदरानं नाक पुसत होत्या.

मग तो लग्नाचा पिक्चर आला. पोस्टरवर फेटेवाले नाचत होते, एक मामा घोड्यावरून पडत होता. आम्ही हसायला म्हणून गेलो आणि अर्धा पिक्चर हसलोही. त्यातल्या नवरीचा भाऊ घरातून भांडून गेलेला असतो, आणि ती प्रत्येक आवाजाला दाराकडे बघते. इंटरवलला ताईंनी शेवट सांगितला, पण या वेळी फक्त मला. "येते तो. वरातीच्या आधी येते. लिहून घे."

वरात आली, फेरे झाले, नवरी गाडीत बसून गेली. भाऊ आला नाही. अंगणातला मांडव उतरवताना दाखवला आणि पिक्चर संपला. लोक कुरकुरत उठले. "पैसा वापस करो," असंही कोणी म्हणालं. मी ताईंच्या गर्जनेची वाट बघत होते. ताईंनी चपला शोधल्या आणि त्या बाहेर आल्या.

घरी जायच्या ऐवजी त्या मला तेलीबांधा तलावावर घेऊन गेल्या. काठावर बसल्यावर म्हणाल्या, "माझा प्रकाश बी असाच गेला."

प्रकाश म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. वडील रेल्वेत होते, मुलानं तिथंच चिकटावं असा त्यांचा हट्ट. त्याला कापडाचं दुकान टाकायचं होतं. एक दिवस कडाक्याचं भांडण झालं आणि तो सुरतेला निघून गेला. काही वर्षं त्याचे ताईंना फोन यायचे, मग नंबरच लागेना. सुरतेला जाऊनही ताईंना त्याचा पत्ता लागला नव्हता.

"बाबा गेले, ते बी माहीत नसंन त्याले," ताई म्हणाल्या. मग पाण्याकडे बघत थोडं हसल्या. "या खेपेला पिक्चरवाल्यानं मले विचारूनच बनवलं वाटते."

मी त्यांना भुट्टा आणून दिला. तो त्यांनी सगळा खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणून भुट्टेवाल्याला बोलही लावले.

सोमवारी बसमध्ये साहूजींनीच विषय काढला. ताईंनी गोष्ट सांगितली. मामाचं घोड्यावरून पडणं असं सांगितलं, की यादवला ब्रेक दाबावा लागला. आणि शेवट पिक्चरमध्ये होता तसाच सांगितला. एक अक्षर बदललं नाही.

यादवनं आरशातून मागं बघितलं.

"ऐसे कैसे?" साहूजी म्हणाले. "भाई को तो आना था!"

"नहीं आया."

"आया होगा, दीदी. दूसरे दिन आया होगा. वो दिखाए नहीं होंगे."

"हव," यादव पुढून छत्तीसगढीत ओरडला. "बिदाई के बेरा आए होही. बस ले उतरे होही, हाथ में मिठाई धरे!"

यादवनं त्याला मिठाई घेऊन बसमधून उतरवलं, मग सगळी बसच त्या भावाला आणू लागली. कोणी त्याला नवी शर्ट-पँट घातली, कोणी बरोबर बायको दिली, मागच्या सीटवरच्या वर्माबाईंनी तर कडेवर एक मूलही दिलं. ताई एकेकाकडे वळून ऐकत होत्या. मूल आल्यावर त्यांनी विचारलं, "पोट्टी का पोट्टा?"

"पोट्टी," वर्माबाई म्हणाल्या.

ताईंनी मान हलवली. मग माझ्याकडे सरकून, फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाकी सारं बराबर आहे. पण तो बसनं नाही येत वं. त्याले लहानपणापासून बस लागते. तो रेल्वेनंच येईन."